विपश्यना शिबिरास जाणारा रुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

(धम्मगिरी, इगतपुरी येथील दहा दिवसांच्या शिबिराचा चिकित्सकीय दृष्टीने अभ्यास)

आयुर्वेदाने औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. यांपैकी युक्तिव्यपाश्रय चिकित्सा हा आपला नित्याचा व्यवसाय आहे. दैवव्यपाश्रय चिकित्सेचा भाग रुग्णाचे कुटुंब आपल्या श्रद्धेनुसार पार पाडते. सत्त्वावजयाचा गौरव मात्र आपण व्याख्यानांतून करतो आणि चिकित्सालयात समोर बसलेल्या रुग्णास त्याविषयी नेमके काय सांगावे, असा प्रश्न आला की अडखळतो. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे ही सत्त्वावजयाची चरकोक्त व्याख्या सर्वांस पाठ असते. तो निग्रह रुग्णाने कोठे व कसा शिकावा, हे आपण सहसा सांगत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यात बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई अशा सर्वच भागांतून "डॉक्टरसाहेब, इगतपुरीला दहा दिवस जाऊन येऊ का?" असे विचारणारे रुग्ण भेटतात. कोणास झोप येत नाही, कोणाचे अम्लपित्त औषधाने तात्पुरते शमते व पुन्हा उसळते, कोणाच्या घरी अकाली मृत्यू झालेला असतो, तर कोणास तंबाखू सोडावयाची असते. अशा वेळी दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. "अवश्य जा, सगळे रोग जातील" हे एक, आणि "ते आपल्या शास्त्रातले नाही, तुमचे तुम्ही ठरवा" हे दुसरे. दोन्ही उत्तरांत रुग्णपरीक्षा झालेली नसते. शिबिरास जाणे हा आहार, निद्रा, आसन, वाणी व औषधकाल या सर्वांत एकाच वेळी होणारा मोठा बदल आहे. असा बदल करू इच्छिणाऱ्या रुग्णाची परीक्षा करणे, त्याच्या औषधांची योजना लावून देणे आणि परतल्यावर त्यास सांभाळणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. स्थान व परंपरा

इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीच्या माथ्यावरचे, कसारा घाट चढून आल्यावर लागणारे गाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६०० मीटर आहे. आपल्याकडून अहिल्यानगर, नाशिक या मार्गाने तेथे जाता येते. गावालगतच्या टेकडीवर विपश्यनेचे धम्मगिरी हे केंद्र आहे. १९७४ साली यासाठी जागा घेण्यात आली आणि १९७६ पासून तेथे शिबिरे सुरू झाली. ब्रह्मी पद्धतीचा सोनेरी पगोडा, त्यातील एकट्याने बसण्याची लहान शून्यागारे, सामूहिक ध्यानाची धम्मकक्षे, स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र निवास व भोजनालये अशी तेथील रचना आहे. शेजारीच दीर्घ शिबिरांसाठी धम्मतपोवन हे वेगळे केंद्र आहे. पुणे, नाशिक, धुळे येथेही याच परंपरेची केंद्रे आहेत.

या परंपरेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचा पूर्वेतिहास वैद्यांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. त्यांना तीव्र अर्धशिशीचा विकार होता. वेदनाशमनासाठी मॉर्फिनची सुई घ्यावी लागे आणि परदेशांतील उपचारांनीही गुण आला नव्हता. १९५५ मध्ये ते रंगून येथील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश शासनाचे महालेखापाल होते आणि गृहस्थाश्रमात राहून विपश्यना शिकवीत. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर येऊ नका, ही विद्या त्यासाठी नाही, असे त्यांनी गोएंकांना सांगितल्याची हकीकत स्वतः गोएंका सांगत असत. चित्तशुद्धी हा हेतू ठेवून या, रोग जाणे हा आनुषंगिक लाभ असेल तर असेल, असा त्या सांगण्याचा आशय होता. पुढे गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २९ सप्टेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रित सूचना व प्रवचने यांच्या आधारे सहायक आचार्य आज शिबिरे चालवतात.

ज्या परंपरेच्या गुरूनेच रोगनिवारणाचा हेतू नाकारला, तिचे शिबिर एखाद्या रोगावरील औषध म्हणून आपण लिहून देणे सयुक्तिक होणार नाही. शारीरिक वा मानसिक रोगाच्या उपचाराला शिबिर हा पर्याय नाही, असे ही केंद्रेही आपल्या नियमावलीत स्पष्ट सांगतात.

२. शिबिराचे स्वरूप

शिबिर पूर्ण दहा दिवसांचे असते. आदल्या दिवशी दुपारी दाखल व्हावे लागते आणि अकराव्या दिवशी सकाळी मुक्तता होते. निवास, भोजन किंवा शिक्षण यांचे शुल्क नाही. ज्याने किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच दान स्वीकारले जाते. साधकास पंचशीलाचे पालन करावे लागते : हिंसा, चोरी, मैथुन, असत्य व मादक पदार्थ यांपासून अलिप्त राहणे. दहाव्या दिवसापर्यंत आर्यमौन असते, म्हणजे वाणीबरोबरच खाणाखुणा व नजरेने होणारा संवादही वर्ज्य. वाचन, लेखन व दूरध्वनी बंद. जप, मंत्र, पूजा, योगासने हे सर्व त्या काळापुरते बाजूस ठेवावे लागते. मोकळ्या वेळात चालण्यास मुभा असते.

दिनक्रम असा असतो : पहाटे ४ वाजता घंटा. ४.३० ते ६.३० ध्यान. ६.३० ते ८ न्याहारी व विश्रांती. ८ ते ११ ध्यान. ११ वाजता भोजन. १ ते ५ ध्यान. ५ वाजता चहा. नव्या साधकांस सोबत फळे अथवा चुरमुऱ्यांसारखे हलके खाणे, जुन्या साधकांस केवळ लिंबूपाणी. ६ ते ७ ध्यान, ७ वाजता प्रवचन, नंतर पुन्हा ध्यान आणि रात्री ९.३० वाजता दिवे मालवले जातात. एकूण ध्यान दिवसाला दहा तासांच्या आसपास होते.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाचे नासिकाद्वारापाशी निरीक्षण. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते : मस्तकापासून पायापर्यंत क्रमाने शरीरावरील संवेदना जाणणे आणि त्या सुखद असोत वा दुःखद, त्यांवर राग किंवा द्वेषाची प्रतिक्रिया न करणे. त्यानंतर दिवसातून तीन वेळा एकेक तास 'अधिष्ठान', म्हणजे आसन न बदलता बसण्याचा निश्चय असतो. दहाव्या दिवशी मैत्री भावना शिकवतात व मौन सुटते.

३. वेदना : पाली साहित्य व चरकसंहिता

आयुर्वेदाच्या अभ्यासकास या साधनेत परके वाटावे असे फारसे नाही. विपश्यनेचा आधार 'वेदना' हा आहे आणि चरकाच्या कतिधापुरुषीय अध्यायात वेदनेचा सविस्तर ऊहापोह आहे. मन व सेंद्रिय शरीर हे वेदनेचे अधिष्ठान होय. केश, लोम, नखाग्रे व मल ही त्यास अपवाद, असे तेथे प्रतिपादिले आहे. योग व मोक्ष या अवस्थांत वेदनांची निवृत्ती होते आणि स्मृती हे त्याचे साधन आहे, हेही त्याच अध्यायात येते. पालीतील 'सति' हा शब्द याच 'स्मृती'चे रूप आहे. मात्र पालीत त्याचा रोख पूर्वानुभवाच्या आठवणीपेक्षा वर्तमान क्षणाच्या जागरूकतेवर अधिक आहे.

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धास विचारलेला प्रश्न आहे. माणसास जे जे भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्माचे फळ होय, हे मत योग्य काय? त्यावर बुद्धाने वेदनेची आठ कारणे दिली आहेत : पित्त, कफ, वात, सन्निपात, ऋतुपरिणाम, विषम आचरण, आघात आणि कर्मविपाक. यांतील पहिली पाच कारणे तर आपल्या निदानस्थानातीलच वाटावीत. सर्व व्याधींचे खापर कर्मावर फोडू नये आणि दोषज व्याधीस दोषज म्हणून ओळखावे, हा त्यातील बोध रुग्णाच्या नातेवाइकांना सांगण्यासारखा आहे.

त्याच संग्रहात दोन बाणांचा दृष्टान्त येतो. शरीराची पीडा हा पहिला बाण, आणि त्या पीडेमुळे मनाने केलेला आक्रोश हा स्वतःच मारून घेतलेला दुसरा बाण. पहिल्या बाणावर दोषप्रत्यनीक चिकित्सा करावी, दुसऱ्यासाठी सत्त्वावजय. चरकानेही शारीर दोष व रज-तम हे मानस दोष वेगळे सांगून त्यांचे उपाय वेगळे दिले आहेत.

साम्याबरोबर भेदही ध्यानात ठेवावा. आयुर्वेद आत्मतत्त्व मानतो, बौद्ध दर्शन अनात्मवादी आहे. शिवाय सत्त्वावजयात अहित अर्थांपासून मन परत फिरवण्यावर भर आहे, तर विपश्यनेत संवेदनेपासून न पळता तिच्याकडे समतेने पाहण्यावर. म्हणून विपश्यना म्हणजेच सत्त्वावजय, असे समीकरण मांडू नये. सत्त्वावजयास उपकारक अशी एक साधना, एवढेच म्हणणे युक्त होय.

आधुनिक संशोधनाचे निष्कर्षही मर्यादित आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ध्यानविषयक ४७ चाचण्यांचा व ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्मृतिप्रधान ध्यानाच्या कार्यक्रमांमुळे चिंता, नैराश्य व वेदना यांत मध्यम प्रतीच्या पुराव्यासह काहीशी सुधारणा आढळली. मात्र औषधे, व्यायाम वा अन्य उपचारांपेक्षा ध्यान वरचढ असल्याचे आढळले नाही. ते कार्यक्रमही बहुतांशी दहा दिवसांच्या मौन शिबिरांहून सौम्य स्वरूपाचे होते, हे लक्षात घ्यावे.

४. सत्त्वपरीक्षा : कोणास पाठवावे, कोणास थांबवावे

दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा आहे व सत्त्वाचे प्रवर, मध्यम, अवर असे तीन भेद सांगितले आहेत. शिबिरास जाऊ इच्छिणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हीच परीक्षा निर्णायक ठरते. प्रवर व मध्यम सत्त्वाच्या रुग्णास जाण्यास हरकत नसावी. क्रोध, चिंता वा अनियमित दिनचर्येमुळे वारंवार उसळणारे अम्लपित्त, ताणजन्य शिरःशूल, अल्पनिद्रा, व्यसन सोडण्याची स्वतःची इच्छा अशा अवस्थांत दहा दिवसांचे मौन, मित आहार व नियत काल यांचा लाभ झालेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. तो लाभ टिकणे पुढील आचरणावर अवलंबून असते.

पुढील रुग्णांस मात्र थांबवावे :

(अ) उन्मादाचा वर्तमान वा पूर्व इतिहास असलेले रुग्ण. भ्रम, संशय, कानात आवाज येणे, अतिउत्साह व विषाद यांचे आलटून पालटून येणारे झटके यांविषयी रुग्णास व नातेवाइकांस वेगवेगळे विचारावे. दीर्घ ध्यानानंतर उन्मादसदृश अवस्था उद्भवल्याची रुग्णवृत्ते वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध आहेत. निद्रानाश, एकांत व सतत अंतर्मुखता यांचा वातप्रधान, अवर सत्त्वाच्या मनावर होणारा परिणाम आपल्या शास्त्रास अपरिचित नाही.

(आ) अपस्माराचे रुग्ण, विशेषतः ज्यांचे वेग अद्याप नियंत्रणात आलेले नाहीत.

(इ) मद्य वा अन्य मादक द्रव्याच्या तीव्र व्यसनात असलेले. मद्य एकाएकी बंद केल्याने कंप, आक्षेप, प्रलाप होऊ शकतात. त्यांचे व्यसनमुक्तीचे उपचार प्रथम रुग्णालयात व्हावेत.

(ई) नवशोकग्रस्त व जीवनाविषयी निराश झालेले. आपला जिल्हा दुष्काळ, कर्ज व शेतकरी आत्महत्या यांचे दुःख जवळून जाणतो. अशा घरातील कोणी "मला शांतता हवी, कोठेतरी जाऊ द्या" असे म्हणतो, तेव्हा नातेवाइकांस शिबिर हा सोपा मार्ग वाटतो. वैद्याने येथे संकोच न करता सरळ विचारावे : जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय? असे विचारल्याने तो विचार मनात नव्याने रुजत नाही. उलट रुग्णास बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी असल्यास त्यास दहा दिवसांच्या मौनात पाठवू नये. त्यास एकटे न सोडता त्वरित मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी भागी लावावा.

एक वृत्त येथे नमूद करतो. मनोविकारावर दीर्घकाळ औषधे घेणारा एक मध्यमवयीन गृहस्थ उत्तम स्थितीत होता. कुटुंबीयांनी "ध्यानाने गोळ्या सुटतील" या आशेने अर्जातील आजाराचा रकाना कोरा ठेवला व गोळ्या घरीच ठेवून त्यास एका केंद्रावर पाठवले. तिसऱ्या रात्रीपासून निद्रा नाहीशी झाली, पाचव्या दिवशी असंबद्ध बोलणे सुरू झाले आणि त्यास घरी आणावे लागले. औषधे पुन्हा सुरू होऊन तो पूर्ववत होण्यास कित्येक महिने गेले. अर्ज खरा भरला असता, किंवा नित्याच्या वैद्याने निघण्यापूर्वी एकदा औषधांची विचारपूस केली असती, तर हा प्रसंग टळला असता.

५. देश, काल व अग्नी

बीड जिल्हा बालाघाटच्या पठारावरील पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व देश जांगलप्राय आहे. इगतपुरीस हेच प्रमाण तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. कोरड्या देशात वाढलेला रुग्ण वर्षा ऋतूत तेथे जातो, तेव्हा देश, काल व दिनचर्या या तिन्ही अंगांनी वातप्रकोप व अग्निमांद्य यांस वाव मिळतो. त्यात दहा तासांचे स्थिर आसन. संधिवात, आमवात, कटिशूल, गृध्रसी व तमकश्वास यांच्या रुग्णांनी आषाढ ते भाद्रपद हा काळ टाळून हेमंत वा शिशिरात जाणे श्रेयस्कर. हेमंतात अग्नी प्रबळ असतो; मात्र थंडीचा बंदोबस्त हवा. लोकरीचे कपडे, पायमोजे व शाल सोबत असावी. जमिनीवर बसणे अशक्य असल्यास खुर्ची मिळू शकते. त्याचा उल्लेख अर्जात आधीच करावा.

आहार शाकाहारी व साधा असतो. ११ वाजताचे भोजन व दुसऱ्या दिवशीची ६.३० ची न्याहारी यांत साडेएकोणीस तासांचे अंतर पडते. मध्ये केवळ फळे व चहा. कफप्रधान, मेदस्वी रुग्णास हे लंघन मानवते. पित्तप्रधान रुग्णास अम्लोद्गार, शिरःशूल व मध्यरात्रीनंतर जाग येणे असा त्रास होतो. त्याने ५ वाजता कोरा चहा टाळून दूध मिळाल्यास ते घ्यावे, आंबट फळे वर्ज्य करावीत आणि न्याहारी चुकवू नये. दहा दिवस स्वतःहून उपवास करण्यास केंद्राचीही अनुमती नसते. शिबिरापूर्वी एक आठवडा घरीच रात्रीचे भोजन लवकर व लघु करून, पहाटे उठण्याचा अभ्यास ठेवल्यास पहिल्या तीन दिवसांचा त्रास निम्मा होतो.

मधुमेही रुग्णाचा विचार स्वतंत्रपणे करावा. इन्शुलिन अथवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या रात्रीच्या जेवणाच्या हिशेबाने चालू असतील आणि रात्रीचे जेवणच नसेल, तर पहाटे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रेतील बदल ज्यांनी ती औषधे लिहून दिली त्या चिकित्सकांकडूनच आधी करवून घ्यावा व आहारातील सवलतीविषयी केंद्राकडे पूर्वसूचना द्यावी. रुग्णाने खिशात गूळ वा साखर ठेवावी.

६. धारणीय व अधारणीय वेग

अधिष्ठानाच्या तासात न हलण्याचा निश्चय असल्याने नवा साधक मूत्र, अधोवात, क्षवथु, जृंभा, अश्रू असे वेग दाबून धरतो. नवेगान्धारणीय अध्यायातील तेरा अधारणीय वेगांचे स्मरण रुग्णास येथे करून द्यावे. त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या इत्यादी मनाचे वेग धारण करावेत असे सांगितले आहे. शिबिरात शिकावयाचा आहे तो या दुसऱ्या वर्गाचा संयम. म्हणून अधिष्ठानापूर्वी मलमूत्रविसर्जन करूनच बसावे. दुपारनंतर पाणी बेताने प्यावे, पण तहान मारू नये. रडू आल्यास शांतपणे येऊ द्यावे. अर्श, अश्मरी व पौरुषग्रंथीच्या वृद्धीने पीडित रुग्णांनी या बाबतीत हट्ट करू नये. अडचण सहायक आचार्यांस सांगण्याची मुभा मौनातही असते.

७. औषधयोजना : औषधालयचालकांसाठी

विनयपिटकाच्या महावग्गात भैषज्यविषयक एक खंड आहे. भिक्षूंना मध्याह्नानंतर भोजन वर्ज्य असूनही आजारी भिक्षूस तूप, लोणी, तेल, मध व फाणित (काकवी) ही पाच द्रव्ये औषध म्हणून अवेळीही घेण्याची अनुज्ञा बुद्धाने दिली होती. तक्षशिलेत शिकलेल्या जीवक वैद्याने खुद्द बुद्धास औषधभावित कमळांच्या केवळ गंधाने मृदू विरेचन दिल्याची कथाही महावग्गात आहे. सारांश, साधना व औषध यांचा विरोध त्या परंपरेने मूळातच मानलेला नाही. हे उदाहरण औषध सोडून शिबिरास निघालेल्या रुग्णास समजावून सांगण्यास फार उपयोगी पडते.

औषधालयातून रुग्ण शिबिरासाठी औषधे घेऊन जातो, तेव्हा पुढील दक्षता घ्यावी :

(१) औषधे प्रवासासह चौदा दिवस पुरतील एवढी द्यावीत. मौनाच्या काळात बाहेर जाऊन औषध आणता येत नाही.

(२) मात्रा 'जेवणानंतर दोनदा' अशी न लिहिता प्रातः ६.३०, दुपारी ११ व सायं ५ अशा तेथील वेळांशी जुळवून लिहावी. प्रत्येक पुडीवर वेळ असावी.

(३) आसव व अरिष्टे यांत स्वयंजनित मद्यांश असतो व त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. पंचशील घेतलेल्या साधकाच्या मनात त्यामुळे शंका निर्माण होते व तो औषध अर्ध्यावर सोडतो. वैद्याच्या अनुमतीने आधीच पर्याय द्यावा : अभयारिष्टाऐवजी हरीतकी चूर्ण, अश्वगंधारिष्टाऐवजी अश्वगंधा चूर्ण, दशमूलारिष्टाऐवजी दशमूलाचा घनवटीसारखा कल्प.

(४) जातीफलादि चूर्णासारख्या भंगायुक्त व अन्य अहिफेनयुक्त कल्पांविषयी वैद्यास विचारूनच निर्णय घ्यावा. रुग्णास अशा कल्पांतील घटकांची माहिती सहसा नसते.

(५) तंबाखू एकाएकी बंद झाल्याने मलावरोध, शिरःशूल व चिडचिड होते. निशोत्तर कोष्ण जलासह त्रिफळा किंवा हरीतकी, व मुखशुद्धीसाठी बडीशेप, लवंग सोबत द्यावी.

(६) गुडघे व कंबर यांसाठी तैल द्यावयाचे तर तीव्र गंधाचे नसावे. सामूहिक कक्षात इतरांस त्याचा त्रास होतो.

(७) चालू असलेले कोणतेही औषध, मग ते आपले असो वा आधुनिक वैद्यकाचे, शिबिरासाठी बंद करू नये. रक्तदाब, हृद्रोग, अपस्मार, अवटू ग्रंथीचे विकार व मनोविकार यांच्या औषधांबाबत ही सूचना पुडीवर लाल शाईने लिहावी. औषधांची यादी अर्जात द्यावी व एक प्रत जवळ ठेवावी.

८. शिबिराहून परतल्यानंतर

शोधनानंतर संसर्जनक्रम असतो. शिबिरासाठी असा क्रम ग्रंथात सांगितलेला नाही. परंतु त्याच न्यायाने तीन ते पाच दिवसांचा उतार ठेवावा, असे आमचे मत आहे. परतल्यावर लगेच लग्नकार्य, बाजार, रात्रीचे जड भोजन व दूरध्वनीवरील तासन्‌तास संभाषण टाळावे. मुगाची खिचडी, भाकरी, ताक, साजूक तूप असा आहार क्रमाने वाढवावा. आठवड्याभरात रुग्णास बोलावून निद्रा, क्षुधा, मलप्रवृत्ती, बोलण्यातील सुसंगती व औषधांचे सातत्य या पाच गोष्टी तपासाव्यात. अतिउत्साह, अत्यल्प निद्रा, सर्वांस उपदेश करीत सुटणे ही लक्षणे आढळल्यास तो सत्त्वाचा उत्कर्ष समजून स्वस्थ बसू नये. रुग्णास वेळीच तज्ज्ञाकडे पाठवावे.

सकाळ-संध्याकाळ एकेक तास अभ्यास चालू ठेवण्यास केंद्रातून सांगितले जाते. प्रत्येकास ते साधत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरास तर दहा दिवसांचे शिबिरही परवडत नाही. कोयता थांबला की उचल फिटत नाही. अशा रुग्णास वैद्याने झोपण्यापूर्वी दहा मिनिटे स्वस्थ बसून सहज श्वासाकडे लक्ष देण्यास सांगावे. त्यास खर्च नाही, स्थानाचे बंधन नाही आणि कोणत्याही पंथाच्या मनुष्यास ते करता येते.

समारोप

सत्त्वावजय ही आपल्या संहितेने दिलेली चिकित्सा आहे. तिचा अभ्यास करवून घेणारी सुसज्ज स्थाने आज आपल्या राज्यात आहेत. त्या स्थानांचे काम ते करीत आहेत. रुग्णाची प्रकृती, सत्त्व, अग्नी, देश व काल पाहून 'जा', 'आता नको' किंवा 'मुळीच नको' असे निश्चयपूर्वक सांगणे आणि त्याच्या औषधाची पुडी योग्य वेळ लिहून त्याच्या हाती देणे हे काम आपले आहे. यापुढे जो रुग्ण शिबिराविषयी विचारील त्याच्या रुग्णपत्रिकेवर चार नोंदी अवश्य कराव्यात : सत्त्वबल, चालू औषधे, पूर्वीचा मानस व्याधी आणि परतल्यावर भेटीची तारीख. या नोंदींस पाच मिनिटेही लागत नाहीत, पण एखाद्या कुटुंबाची पुढील काही वर्षे त्यांवर अवलंबून असू शकतात. सदस्य वैद्यांनी आपापल्या अनुभवातील रुग्णवृत्ते, रुग्णाची ओळख प्रकट न करता, या त्रैमासिकाकडे पाठवावीत, ही विनंती.